झोपडीचे पैसे वेगळे

मावळातल्या इंद्रायणी तांदळाची आजी जावा बेटावरची आहे. पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत शिजणारा हा मऊ, किंचित चिकट, सुवासिक तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला आणि 1987 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याची आई आपली आंबेमोहोर 157, बाप फिलिपिन्सहून आलेला आयआर 8. या आयआर 8 ची आई म्हणजे ‘पेटा’ नावाची उंच वाढणारी इंडोनेशियन जात, आणि तिच्या कुळात पुन्हा बंगालकडची लतिसाइल. ‘आपला मावळचा तांदूळ’ म्हणून जो भात अभिमानाने वाढला जातो, त्याच्या पोटात एवढा प्रवास आहे. तेव्हा पिंपरी-चिंचवडमधल्याच दापोडीतल्या एखाद्या कुटुंबाने मोबाइलवर इंडोनेशियातल्या उपाहारगृहांचे फोटो पाहून ‘आपल्याकडे असं काही का नाही?’ असे विचारले, तर त्यात परके काही नाही. एका अर्थाने ते माहेरच्या माणसांचीच चौकशी करत असते.

ते फोटो बहुधा पश्चिम जावातले असतात. तिथे सुंदा लोकांची वस्ती आहे. बांडुंग हे त्यांचे मोठे शहर. भातखाचराच्या बांधावर राखणीसाठी आणि उन्हातून टेकण्यासाठी उभारलेल्या बांबूच्या खोपटाला ते ‘साउंग’ म्हणतात. आपल्या माळ्याची ही सख्खी बहीणच. चार खांब, जमिनीपासून हात-दीड हात उंच बैठक, वर गवताचे किंवा ताडासारख्या एका झाडाच्या काळ्या तंतूंचे छप्पर, आणि भिंती जवळजवळ नाहीतच. शेतावरच्या माणसाचा डबा इथे सुटायचा. पुढे शहरात गेलेल्यांना त्या डब्याची आठवण येऊ लागली आणि हॉटेलवाल्यांनी साउंग शहराच्या वेशीवर आणून मांडले. बांडुंगच्या उत्तरेला डोंगरउतारावर ‘काम्पुंग दाउन’ आहे. नावाचा अर्थच पानांचे गाव. ओढ्याच्या कडेने झाडीत विखुरलेली खोपटी, चटईवर मांडी घालून जेवणारी कुटुंबे.

ताटात काय येते, तेही मराठी माणसाला फार बिचकवणारे नाही. केळीच्या पानात घट्ट गुंडाळलेला भात, त्याचे नाव नासी तिंबेल. मसाला माखून पानातच शिजवलेला मासा म्हणजे पेपेस. पारशांच्या पात्रानी मच्छीची चुलत बहीण म्हणावी असा. चिंचेच्या आंबट पाण्यातली भाजी म्हणजे सायुर आसेम. चिंचेला इंडोनेशियात ‘आसाम जावा’ म्हणतात, म्हणजे जावाचे आंबट. अरबांनी तिला हिंदचे खजूर ठरवले. ती मुळातली आफ्रिकेची, पण मालकी सगळ्यांनी सांगितली. सोबत कच्च्या पाल्याचे आणि काकडी-वांग्याचे ताट असते, आणि दगडी खलात रगडलेला सांबाल. त्यात वाटलेल्या सुकटीसारखा वास मारणारी तेरासी घालतात. कोकणातून आलेल्या माणसाला त्या वासाने घर आठवेल, घाटावरच्याला खिडकी उघडावीशी वाटेल. पण साउंगला खिडकीच नसते.

आता पिंपरी-चिंचवडच्या बाजूला या. जुना मुंबई-पुणे महामार्ग, वाकड-हिंजवडीचा पट्टा, चाकणकडे जाणारा रस्ता, मुळशीची वाट. कुठेही गेले तरी ‘गार्डन रेस्टॉरंट’ची पाटी दिसते. आत लॉन, लॉनच्या कडेने ओळीने झोपड्या. त्यांना झोपडी कोणी म्हणत नाही, ‘हट’ म्हणतात. शनिवारी संध्याकाळी फाटकावरचा पोरगा वहीत बघून सांगतो, “साहेब, हट फुल्ल आहेत. फॅमिली हॉल चालेल का?” साहेबांना चालत नाही. साहेब तासभर थांबतात. काही ठिकाणी हटमध्ये बसायचे तर किमान इतक्या रुपयांचे बिल झालेच पाहिजे, असा नियमही असतो. छपराचे पैसे वेगळे, रोटीचे वेगळे.

या हटची रचना जवळून पाहण्यासारखी असते. खांब सिमेंटचा, त्याला बांबूसारखी पेरे काढून पिवळा रंग दिलेला. छपरावरचे गवत प्लॅस्टिकचे, कारण खरे गवत दर दोन-तीन वर्षांनी बदलावे लागते आणि ते शाकारणारा माणूस मिळत नाही. केळ प्लॅस्टिकची. कोपऱ्यात फायबरचा धबधबा, त्याची मोटर चालू असताना शेजारच्या हटमध्ये बोललेले ऐकू येत नाही. खाली पाण्याचे तुषार मारणारे पंखे. मेनूवर पनीर टिक्का, चिकन लॉलीपॉप, व्हेज कोल्हापुरी. या सगळ्याच्या मध्ये एक बैलगाडी उभी, फोटोसाठी. साउंगच्या भोवती जे होते ते आले नाही, फक्त साउंगचा आकार आला. आणि तोही निम्माच.

असे लिहिले की सुशिक्षित वाचकाला हसू येते. ते हसू मात्र आवरायला हवे. त्या फाटकावर तासभर थांबणारा माणूस मूर्ख नाही. तो आठवडाभर शॉपफ्लोअरवर किंवा काचेच्या इमारतीत घालवतो, दोन खोल्यांच्या घरात राहतो, मुलांना उघड्यावर धावू द्यायला त्याच्याकडे जागा नाही. त्याची भूक पनीरची नसते. पायाखाली माती, डोक्यावर झाड आणि शेजारी आपली माणसे असताना चार घास खावेत, ही ती भूक आहे, आणि ती जुनी आहे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली स्वयंपाक करून पंगत घालायची ती आवळीभोजने याच भुकेची. शाळेचे वनभोजन तेच. सिंधुदुर्गात आचरे, चिंदर, वायंगणी या गावांची गावपळण तर याचे टोक. ठरावीक वर्षांनी ग्रामदैवताचा कौल झाला की अख्खे गाव गुरा-कोंबड्यांसह वेशीबाहेर पडते आणि झावळ्यांच्या, पेंढ्यांच्या खोपींमध्ये तीन दिवस तीन रात्री राहते. तिथेच चुली, तिथेच पंगती. तिथे हटचे बुकिंग नसते. खोप ज्याची त्याने उभारायची.

मग हे आता विकत का घ्यावे लागते? दापोडीकडे पाहिले तर उत्तर सापडते, कारण याच गावाने एकेकाळी बाग म्हणून नाव कमावले होते.

पवना येऊन मुळेला मिळते ती दापोडीपाशी. या संगमाजवळ पेशव्यांच्या कवायती पलटणीचा इंग्रज अधिकारी कॅप्टन फोर्ड राहत होता. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा तो आपली पलटण घेऊन इथूनच निघाला आणि कंपनीच्या फौजेला जाऊन मिळाला. त्याची ही मिळकत पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने घेतली, ती गव्हर्नरांचे निवासस्थान झाली आणि तिच्याभोवती वनस्पती उद्यान उभे राहिले. 1838 पासून त्याचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे होता. दापोडीत आणि जुन्नरकडच्या हिवऱ्यात तो सरकारी इस्पितळांसाठी औषधी वनस्पती पिकवत असे. 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याच सुमारास, 1847 ते 1850 या काळात, त्याने एका चित्रकाराकडून बागेतल्या आणि आसपासच्या झाडांची जलरंगातली चित्रे काढून घेतली. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढेच कळते, त्याचे नाव कुठे नोंदलेले नाही. ही चित्रे आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत आणि ‘दापुरी ड्रॉइंग्ज’ या नावाने वनस्पतिशास्त्राच्या जगात ओळखली जातात. तिथले अभ्यासक हेन्री नॉल्टी यांनी 2002 मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. दापोडीच्या रिक्षा स्टँडवर याची चौकशी केली तर एसटीच्या कार्यशाळेचा किंवा लष्कराच्या सीएमईचा रस्ता दाखवला जाईल.

त्याच 1817 सालात, मे महिन्यात, जावा बेटावर बोगोरला वनस्पती उद्यान सुरू झाले. बोगोर सुंदा प्रांतातच येते. तिथेही गव्हर्नर जनरलचा वाडा होता आणि वाड्याला लागून बाग. मांडणी दापोडीसारखीच, फक्त मालक डच. दोन्ही बागा परक्या राजवटींनी आपल्या फायद्यासाठी काढल्या होत्या, यात शंका नको. फरक पुढे पडला. 1860 च्या दशकात मुंबईच्या गव्हर्नरांनी गणेशखिंडीत नवा प्रासाद बांधला, तो म्हणजे आजची विद्यापीठाची मुख्य इमारत, आणि दापोडीची बाग मोडली. बोगोरची बाग राहिली. डच गेले, जपानी आले आणि गेले, देश स्वतंत्र झाला. बाग सुमारे 87 हेक्टरांवर, भर शहरात, आजही आहे. रविवारी तिथे माणसे चटया पसरून घरून आणलेले जेवण जेवतात.

या बागेचे आपल्या ताटाशी आणखी एक नाते आहे, आणि ते फारसे गोड नाही. 1848 मध्ये, म्हणजे दापोडीत तो निनावी चित्रकार फुले रंगवत होता तेव्हा, बोगोरच्या बागेत तेलताडाची चार रोपे लावली गेली. आग्नेय आशियातले पाम तेलाचे मळे मोठ्या प्रमाणावर त्या चार रोपांच्या वंशातून वाढले. भारत आज सर्वाधिक आयात करतो ते खाद्यतेल पाम, आणि त्याचा मोठा वाटा इंडोनेशियातून येतो. हटमध्ये बसून खाल्लेल्या चिकन लॉलीपॉपच्या कढईत जावा उकळत असण्याची शक्यता बरीच आहे. इंडोनेशियन जेवण मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे! त्या मळ्यांसाठी सुमात्रा आणि बोर्निओतली किती जंगले गेली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तर बाग गेली, आणि मग गावाभोवती कारखाने आले. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, साठच्या दशकात एमआयडीसी, 1982 मध्ये महापालिका. महापालिकेने उद्याने केली नाहीत असे नाही. निगडीची दुर्गा टेकडी पहाटेपासून गजबजलेली असते. पण पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांतल्या अनेक उद्यानांच्या फाटकावर नियमांचा फलक असतो आणि त्यात एक ओळ असते: खाद्यपदार्थ आत आणण्यास मनाई. कारण समजण्यासारखे आहे. कागदी ताटल्या, वेफर्सची पाकिटे, उंदीर, कुत्री. पण परिणाम काय झाला? आजीने केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन झाडाखाली बसण्याची सोय शहरातून संपली. झाडाखाली बसून खायचे असेल तर खायला विकतच घ्यायचे, असा अलिखित नियम झाला. गार्डन रेस्टॉरंटचा सगळा धंदा या एका ओळीवर उभा आहे. मालकांनी शोधून काढलेली ती अक्कल नव्हे, नगरनियोजनाने सोडलेली फट आहे.

दुसरी फट नदीकाठची. मेट्रोची गाडी 1 ऑगस्ट 2023 पासून दापोडीहून पुढे जाऊ लागली. बोपोडीकडे निघालेल्या गाडीतून मुळेचे पात्र दिसते. उन्हाळ्यात ते बऱ्याचदा हिरवेगार असते, पण तो हिरवा रंग जलपर्णीचा. वरच्या अंगाला थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्यावर पवनेला फेस आला की वर्तमानपत्रांत फोटो येतात, फेस ओसरतो, फोटो पुन्हा येतात. अशा पाण्याकडे तोंड करून कोण जेवेल? म्हणून हॉटेलवाला नदीकडे पाठ करतो आणि फायबरचा धबधबा लावतो. तो धबधबा विनोदी खराच, पण खऱ्या नदीविषयी ती दिलेली साक्षही आहे.

तरी काठ मोकळा सुटत नाहीच. पुण्यात म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंतच्या डीपी रस्त्यावर मुठेच्या काठाने लॉन्स आणि हॉटेले कशी उभी राहिली ते सर्वांसमोर आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले 36 बंगले मे 2025 मध्ये महापालिकेने जमीनदोस्त केले. त्यांची पायाभरणी होताना कोणाला दिसली नव्हती काय, हा प्रश्न अजून शिल्लक आहे. ‘रिव्हर व्ह्यू हट’ ही कल्पना कानाला कितीही गोड लागली, तरी पूररेषेत एकही छप्पर नको. तात्पुरते म्हणूनही नको. तात्पुरत्या छपराखाली आधी काँक्रीटचा चौथरा येतो, मग स्वयंपाकघर, मग त्याचे सांडपाणी.

आणि दापोडीत ‘हट’ हा शब्द सांभाळून वापरावा लागतो. इथल्या नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पत्र्याच्या झोपड्या आहेत. धरणांतून विसर्ग वाढला की भोंगा वाजतो, माणसे भांडी आणि कपड्यांची बोचकी घेऊन शाळांमध्ये जातात. एकीकडे झोपडीत बसण्यासाठी तासभर रांग आणि दुसरीकडे झोपडीतून बाहेर पडण्यासाठी आयुष्यभराची, हे अंतर दोन-चार किलोमीटरचे आहे. निसर्गाच्या नावाने हॉटेल थाटणाऱ्यावर याचा दोष नाही. पण ‘गावाकडची साधी राहणी’ अशी पाटी लावताना निदान हात थबकावा.

खऱ्या गवताचे आणि बांबूचे छप्पर करायचे तर आगीचा प्रश्न येतो, आणि तिथे भाबडेपणा चालत नाही. 28-29 डिसेंबर 2017 च्या रात्री मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली, 14 माणसे गेली. बांबू आणि ताडपत्रीच्या मांडवांनी ती आग क्षणात पसरवली. डिसेंबर 2025 मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये 25 जण मृत्युमुखी पडले. दोन्हीकडे माणसांना बाहेर पडता आले नाही. साउंगची मूळ अक्कल इथे उपयोगी पडते. त्याला भिंती नसतात, एकात एकच कुटुंब मावते, आणि दोन साउंगांमध्ये पाणी किंवा खाचर असते. आपल्या गार्डन रेस्टॉरंटांत हट एकमेकांना खेटून, मागून बंदिस्त, पुढे प्लॅस्टिकचा पडदा, वरून दिव्यांच्या माळा. परवाना देताना छप्पर कशाचे हे विचारण्याइतकेच दोन छपरांत अंतर किती, हे टेप लावून मोजायला हवे.

मग चांगले कसे असू शकते? त्यासाठी जावाला जायची गरज नाही. शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला थंडीत हुरड्यासाठी गाड्यांची रांग लागते. तिथे ज्वारी समोर उभी असते, कणसे तिथल्याच आगटीत भाजली जातात, आणि शेतकऱ्याला कणसाचा भाव बाजार समितीपेक्षा बरा मिळतो. राज्य सरकारने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले, ते अशाच ठिकाणांसाठी. पुण्यात कोरेगाव पार्कात ‘मलाका स्पाइस’ 1997 पासून आग्नेय आशियाचे जेवण वाढत आले आहे. म्हणजे गिऱ्हाईक नाही, ही सबब खोटी. मावळात भात आहे, पुण्याच्या बुरूड आळीत बांबूचे हात अजून शिल्लक आहेत, केळीची पाने मंडईत भल्या पहाटे येतात. मावळातल्या एखाद्या शेतकऱ्याने खाचराच्या बांधावर, पूररेषा सोडून, चार माळे उभारले, इंद्रायणीचा वाफाळता भात पानात बांधून दिला, सोबत पाट्यावरचा ठेचा आणि ओढ्यातल्या मासळीचे कालवण ठेवले, आणि एका कोपऱ्यात हौसेने सांबालही ठेवला, तर त्याला इंडोनेशियन म्हणायचे की मावळी, हा वाद इंद्रायणीच्या आजीवर सोडून देता येईल.

शहराच्या वाट्याचे काम याहून सोपे आहे आणि म्हणूनच कदाचित होत नाही. प्रत्येक मोठ्या उद्यानात डबा खाण्यासाठी झाडाखालची एक जागा राखावी: चार ओटे, हात धुवायला नळ, ओल्या-सुक्याचे दोन डबे, आणि लक्ष ठेवायला एक माणूस. कार्तिकात तरी आवळीच्या झाडाखाली बसू द्यावे. आवळी नसेल तर आधी ती लावावी. मुळेच्या काठच्या विकासाचे काम वाकडपासून सांगवीच्या दिशेने सुरू आहे. त्यात झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून नागरिक रस्त्यावर उतरले आहेत. काठावर दगड बसवून मग त्यावर कुंड्या ठेवायच्या की आहे ती झाडी ठेवून तिच्याखाली माणसांना बसू द्यायचे, हे अजून काही ठिकाणी ठरवता येण्यासारखे आहे. दापोडीपुरते बोलायचे तर एडिंबराकडून त्या चित्रांच्या प्रती मागवून मेट्रो स्थानकात लावता येतील, आणि त्यांतली जी झाडे इथे पुन्हा वाढू शकतील ती संगमाच्या वरच्या, पूर न येणाऱ्या अंगाला लावता येतील.

तोवर शनिवार येतच राहतील. दापोडीचे ते कुटुंब आठच्या सुमाराला गार्डन रेस्टॉरंटच्या फाटकावर पोहोचेल. हट भरलेल्या असतील. आजोबा बाहेरच्या दगडावर टेकतील, नातवंडे प्लॅस्टिकच्या केळीचे पान ओढून पाहतील, आणि पिशवीतला घरच्या लाडवांचा डबा फाटकावरचा पोरगा नम्रपणे बाजूला ठेवून घेईल. “आजी, बाहेरचं खाणं आत अलाउड नाही. जाताना घेऊन जा.”